सराफा की छप्पन? इंदूरला एकच रात्र असलेल्या पाहुण्यांसाठी

दिवाळी आटोपली की पुणे, नाशिक आणि ठाणे येथील आमच्या नातेवाइकांचे उज्जैन-ओंकारेश्वरचे बेत सुरू होतात आणि त्या बेतात इंदूरच्या वाट्याला बहुधा एक रात्र, फार तर दीड दिवस येतो. गाड्यांच्या वेळा, महाकालाच्या दर्शनाची व्यवस्था, पांघरुणे पुरतील की नाही, हे सगळे फोनवर बोलून झाले की शेवटी तोच प्रश्न येतो : ‘‘सराफ्यात जायचे की छप्पनला?’’ आमच्या तीन पिढ्या इंदूरच्या रामबागेत गेल्या असल्यामुळे याचे उत्तर आम्हाला तोंडपाठ असणार, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात मी प्रत्येकाला निराळे उत्तर देतो. गेल्या वर्षी दोन मावसभावांनी एकमेकांशी बोलून माझी ही विसंगती पकडली, तेव्हा उत्तर का बदलते हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे वाटले.

ज्यांनी यांपैकी काहीच पाहिलेले नाही त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख करून देतो. सराफा हा राजवाड्याला लागून असलेला सोन्याचांदीचा जुना बाजार आहे. दिवसभर तेथे दागिन्यांचा व्यवहार चालतो आणि रात्री आठ-साडेआठनंतर पेढ्यांची शटरे खाली येऊ लागली की त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर आणि समोरच्या रस्त्यावर कढया, तवे व परातींची मांडामांड सुरू होते. सराफांनीच खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना रात्री थांबू दिले, कारण माणसांची वर्दळ असली म्हणजे पेढ्यांची राखण आपोआप होते, असे आमच्याकडे जुने लोक सांगत आले आहेत. छप्पन दुकान न्यू पलासियात आहे. ओळीने छप्पन दुकाने म्हणून छप्पन दुकान, इतके त्याचे नाव सरळ आहे. २०२० च्या सुमारास त्याचा कायापालट झाला, समोरचा रस्ता वाहनांना बंद करण्यात आला, बसायला बाक आले, झाडे आणि दिवे आले. या दोन ठिकाणांमध्ये रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांचे अंतर आहे, त्यामुळे ‘‘दोन्ही एकाच रात्री करू’’ असे म्हणणारे पाहुणे नेहमीच भेटतात. त्यांना मी अडवत नाही. मात्र दुसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत त्यांच्या पोटात जागा उरलेली नसते आणि मग तेथील पदार्थांविषयी ते जे मत बनवतात ते त्या पदार्थांवर अन्याय करणारे असते.

निवड करताना चवीच्या आधी घड्याळाकडे पाहावे, असे मला वाटते. सराफा खऱ्या अर्थाने जागा होतो तो साडेनऊनंतर. दहा ते बारा हा त्याचा भर आणि दीड-दोनपर्यंत तो चालतो. आठ वाजता तेथे पोहोचणाऱ्याला अर्धी शटरे उघडी, अर्ध्या कढया थंड आणि मधून वाट काढणाऱ्या दुचाक्या दिसतात, आणि हेच का ते प्रसिद्ध ठिकाण, असा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर उमटतो. छप्पन सकाळी पोह्यांपासून सुरू होते आणि रात्री दहा-अकराच्या सुमारास आवरू लागते. ज्यांना संध्याकाळच्या अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला परतायचे आहे त्यांच्या शेवटच्या दिवशी सराफ्याचा विचारच करता येत नाही. त्यांनी दुपारी छप्पन गाठावे आणि तेथूनच स्टेशनवर जावे. दुसरी अडचण भस्म आरतीची. उज्जैन येथून सुमारे पंचावन्न किलोमीटर आहे, भस्म आरती पहाटे चारला असते आणि त्यासाठी इंदुरातून मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. आमच्या एका आतेभावाने एक वाजता सराफ्यात रबडी खाल्ली आणि तसाच गाडीत बसून आरतीला गेला. आरतीत आपल्याला फार शांत वाटले असे तो सांगतो. त्याच्या पत्नीच्या म्हणण्याप्रमाणे तो उभ्याने झोपला होता.

घड्याळानंतर पाय. सराफ्यात बसायची सोय जवळजवळ नाही. द्रोण हातात घेऊन उभ्याने खायचे, खाताना मागून येणाऱ्याला वाट द्यायची, आणि पुढच्या पदार्थासाठी पुन्हा गर्दीत शिरायचे, हा तेथील रिवाज आहे. दोन वर्षांपूर्वी नाशिकहून आलेल्या बहात्तर वर्षांच्या मावशीला मी मोठ्या उत्साहाने घेऊन गेलो. पहिल्या वीस मिनिटांत तिने दहीबडा आणि मक्याचा कीस खाल्ला, भरभरून कौतुक केले आणि मग एका बंद पेढीच्या पायरीवर जी बसली ती उठायला तयार होईना. शेजारच्या कढईवाल्याने आपले उलटे घातलेले लोखंडी डबडे तिला पाठीशी टेकायला दिले. पुढचा तासभर आम्ही एकेक पदार्थ आणून तिच्या हातात देत होतो आणि ती पायरीवर बसून दरबार भरवल्यासारखी निवाडे देत होती. तिची तक्रार नव्हती, पण परतताना गाडीपर्यंतची ती दहा मिनिटांची चाल तिला जड गेली, आणि त्याबद्दल आईने मला जे सुनावले ते येथे लिहीत नाही. छप्पनला बाक आहेत, रस्ता सपाट आहे, वाहने आत येत नाहीत, लहान मूल हात सोडून पळाले तरी जीव टांगणीला लागत नाही. गुडघेदुखी, बाबागाडी किंवा गर्दीचा तिटकारा यांपैकी काहीही सोबत असेल तर पुढचा मजकूर न वाचता छप्पनला जावे.

ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांच्यासाठी आता पदार्थांकडे वळतो आणि येथे मी समतोल राखण्याचा आव आणणार नाही. सराफ्याची बाजू जड आहे, आणि ती जड करणारा पहिला पदार्थ म्हणजे भुट्ट्याचा कीस. मालवीत भुट्टा म्हणजे आपले मक्याचे कणीस. ‘कीस’ हा शब्द मराठी माणसाला घरचाच वाटतो आणि कृतीही नावाबरहुकूम आहे. कोवळी कणसे किसणीवर किसायची, तुपाच्या फोडणीत जिरे, हिंग आणि हिरवी मिरची घालायची, त्यात कीस परतायचा आणि दूध घालून तो मंद आचेवर शिजू द्यायचा. सारी कसोटी या शिजण्याची आहे. कच्च्या मक्याचा पिठूळ वास जाईपर्यंत आणि दूध पूर्ण मुरेपर्यंत उलथणे हलते ठेवावे लागते, आणि घाई करणाऱ्याचा कीस जिभेला लगेच कळतो. नीट जमलेला कीस ओलसर पण मोकळा असतो, कडेला किंचित खरपूस लागतो, आणि वर पिळलेल्या लिंबामुळे दुधाचा गोडवा बोचत नाही. सराफ्यात मोठ्या कढईत तो कडेला लोटून ठेवलेला असतो आणि मागणी आली की मधल्या गरम भागात ओढून पुन्हा परततात. त्यामुळे कढईभोवती गर्दी असलेल्या ठिकाणीच तो घ्यावा, कारण तेथे कीस कढईत फार वेळ पडून राहत नाही. मला एकदा गर्दी टाळण्याच्या नादात एका निवांत कोपऱ्यावर जो कीस मिळाला तो बहुधा संध्याकाळपासून तसाच पडून होता, आणि त्याचा कोरडेपणा झाकण्यासाठी वर साखर भुरभुरली होती. आता मक्याचे गोड वाण बारा महिने मिळत असल्यामुळे कीसही बारा महिने मिळतो, पण श्रावण-भाद्रपदात देशी कणसांचा जो होतो त्याची सर त्याला येत नाही.

दुसरा पदार्थ गराडू. हा कंद आपल्या कोनफळाच्या कुळातला असून तो मालव्यात थंडीतच खाल्ला जातो. त्याचे मोठे तुकडे आधी एकदा तळून परातीच्या कडेला रचून ठेवतात आणि गिऱ्हाईक आले की दुसऱ्यांदा कडकडीत तेलात सोडतात. बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ झालेल्या त्या तुकड्यांवर जिरावण आणि लिंबू पडते. जिरावण म्हणजे जिरे, धने, बडीशेप, सुंठ, हिंग, आमचूर आणि काळे मीठ यांच्या भोवती घराघरात बदलत जाणारी मालव्याची भुकटी. इंदुरात ती पोह्यांवर पडते, गराडूवर पडते आणि आमच्या घरी तर ती कापलेल्या पेरूवरही पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरा वाजता, तोंडातून वाफ निघत असताना, कागदावरचा गरम गराडू काडीने टोचून खाणे हा अनुभव छप्पनला सकाळच्या उन्हात बसून मिळत नाही. तेथे गराडू मिळतो, चांगलाही असतो, पण त्याला ती रात्र मिळत नाही. उन्हाळ्यात येणाऱ्यांना मात्र तो कोठेच मिळणार नाही, आणि त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत सराफ्याचे पारडे बरेच हलके होते.

दहीबड्यासाठी सराफ्यातील जोशी दहीबडा हाऊसचे नाव सगळेच घेतात. दह्याने भरलेला द्रोण हवेत उंच फेकून एक थेंबही न सांडता झेलायचा आणि मग एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले एकेक करून त्यावर सोडायचे, ही त्या दुकानाची ओळख झाली आहे. पाहुण्यांचे मोबाइल त्या द्रोणाबरोबरच वर-खाली होतात. हा खेळ बाजूला ठेवला तरी वडा खरोखर हलका असतो आणि दही गोडसर, घट्ट असते. आपल्याकडच्या दहीवड्याला कढीपत्ता-मोहरीची फोडणी किंवा वरून तिखटाची चिमूट ठरलेली. येथे फोडणी नाही, सारे काम त्या चिमटीतल्या मसाल्यांवर आणि चिंचेच्या चटणीवर आहे. ज्यांना कमी गोड हवे त्यांनी आधीच सांगावे, कारण इंदूरचा हात गोडाकडे सैल आहे.

साबुदाण्याच्या खिचडीबाबत मराठी पाहुण्यांना मी आधीच सावध करतो. आपली खिचडी तुपात जिऱ्याच्या फोडणीवर, भरपूर दाण्याच्या कुटात परतलेली असते आणि ती तशीच असावी अशी आपली श्रद्धा असते. इंदुरी खिचडीचा साबुदाणा वाफेवर मोकळा शिजवून ठेवलेला असतो आणि मागणी आल्यावर मोठ्या परातीत त्यावर तिखट, मीठ, जिरावणाच्या वळणाचा मसाला, कोथिंबीर, लिंबू आणि बटाट्याचा फराळी चिवडा टाकून ती भेळेसारखी कालवली जाते. तिला खिचडी न म्हणता साबुदाण्याची भेळ म्हटले तर बहुतेक पुणेकरांचा राग जातो आणि मग ते दुसरी प्लेट मागतात. माझ्या आजीने मात्र शेवटपर्यंत ती उपवासाला चालवली नाही, ‘‘हा चटपटीतपणा एकादशीला शोभत नाही’’ असे तिचे म्हणणे होते.

आता छप्पनची बाजू. तेथे जाऊन सराफ्याचे पदार्थ शोधत बसू नये, ही पहिली सूचना. छप्पनचे स्वतःचे म्हणावे असे मोजकेच पदार्थ आहेत, पण ते पक्के आहेत. जॉनी हॉट डॉगचा हॉट डॉग हे त्यातले सर्वांत ठळक नाव. नावावरून जी कल्पना येते तिच्याशी त्याचा संबंध नाही. गोल पाव तव्यावर भाजून त्यात टिक्की, कांदा आणि चटणी, इतकाच तो प्रकार आहे. त्याचा अंड्याचा भाऊ म्हणजे बेंजो : पावात ऑम्लेट आणि भरपूर कांदा. पदार्थ साधा आहे, त्याच्यात लपवण्यासारखे काही नाही, आणि म्हणूनच तो इतकी वर्षे टिकला आहे, असे मला वाटते. सराफा पूर्णपणे शाकाहारी आहे. तेव्हा तुमच्यासोबत ज्याचे पान अंड्या-मटणाशिवाय हलत नाही असा कोणी असेल तर त्याची सोय छप्पनलाच होईल. याउलट, एकाच तव्यावर काय-काय होते या शंकेने ज्यांचा घास अडतो अशा वडीलधाऱ्यांना सराफ्यात निर्धास्तपणे नेता येते. इंदूरच्या अनेक मराठी घरांत ही दोन्ही प्रकारची माणसे एकाच छताखाली राहतात, त्यामुळे हा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही.

खोपरा पॅटीस हा छप्पनचा दुसरा मानकरी, आणि तो विजय चाट हाउसमध्ये घ्यावा. उकडलेल्या बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचे सारण भरून तळलेला हा गोळा पाहिला की आपल्या उपवासाच्या पॅटीसची आठवण होते, आणि नाते खरोखर जवळचे आहे. फरक चटण्यांचा आहे, कारण येथे हिरवी आणि गोड अशा दोन्ही चटण्यांत तो बुडवून खातात. या दुकानाची शाखा सराफ्याच्या भागातही आहे, म्हणून केवळ पॅटीससाठी छप्पन गाठण्याची गरज नाही. तरीही छप्पनला तो बाकावर बसून, दोन घास करून, सावकाश खाता येतो. गरम सारणाने टाळू भाजण्याचा धोका ज्यांनी एकदा अनुभवला आहे त्यांना या सावकाशपणाची किंमत कळेल.

शिकंजीबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण या एका शब्दाने दर वर्षी किमान एका पाहुण्याची फसगत होते. उत्तरेत इतरत्र शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत. इंदुरात ती दुधाची असते : आटवलेले दूध, त्यात आंबटसर दह्याचा अंश, साखर, वेलची, जायफळ, केशर आणि सुकामेवा. प्यायचे पेय म्हणून मागवावे आणि हातात चमचा यावा, असा तो प्रकार आहे. बासुंदी आणि श्रीखंड यांचे लग्न लावून दिले तर होणारे अपत्य असेच असेल, असे माझे वडील म्हणत. छप्पनला मधुरमची शिकंजी मिळते, सराफ्याच्या बाजूला नागोरींची. दोन्हींचे कट्टर पक्षपाती आहेत आणि मी या भांडणात पडत नाही. उन्हाळ्यात दुपारी छप्पनला आणि थंडीत, शक्य असेल तर, कोठेच नाही, एवढेच माझे मत आहे. रात्री अकराला सहा तळलेल्या पदार्थांवर तो ग्लास रिचवणाऱ्यांची दुसऱ्या दिवशीची अवस्था मी जवळून पाहिली आहे.

गोडाचा मुद्दा लवकर आटोपतो, कारण येथे तुलना करण्यासारखे फारसे नाही. मालपुआ, रबडी, मावाबाटी, थंडीत मुगाच्या डाळीचा हलवा आणि ताटलीएवढा जलेबा हे सगळे सराफ्यात डोळ्यांसमोर तयार होते. जलेबा चौघांत एक पुरतो. तो एकट्याने संपवण्याची पैज लावू नये, लावलीच तर पैसे दुसऱ्याचे असावेत. छप्पनला मिठाईची चांगली दुकाने आहेत आणि घरी न्यायचे डबे तेथूनच बांधून घेणे सोयीचे पडते. जळते विडे, धूर सोडणारी बिस्किटे आणि तत्सम चमत्कार दोन्हीकडे आहेत. ते पाहावेत, मुलांना दाखवावेत, खाल्लेच पाहिजेत असे नाही.

स्वच्छतेबद्दल पाहुणे संकोचाने विचारतात. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ ते २०२३ असा सलग पहिला क्रमांक मिळवलेल्या शहरात राहत असल्यामुळे आम्ही या प्रश्नाला जरा फुशारकीनेच उत्तर देतो. छप्पनला अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडून स्वच्छ खाद्यकेंद्राचे प्रमाणपत्र मिळालेले आहे आणि तेथील टापटीप पाहता ते पटते. सराफ्यातही कचरापेट्या आहेत, द्रोण रस्त्यावर टाकणाऱ्याला शेजारचा माणूस टोकतो आणि पहाटे रस्ता धुतला जातो. पण तो शेवटी रस्ता आहे, आणि दिवसभर त्यावरून लोक गेलेले असतात. पिण्याचे पाणी दोन्हीकडे बाटलीचेच घ्यावे.

खर्चाचा हिशेब सरळ नाही. एकेका प्लेटची किंमत पाहिली तर दोन्हीकडे फार तफावत नाही. तरी सराफ्यात खिसा अधिक रिकामा होतो, कारण तेथे पोट भरले म्हणून कोणी थांबत नाही. छप्पनला माणूस बसतो, दोन पदार्थ मागवतो, शिकंजी पितो आणि उठतो. सराफ्यात तो चालत राहतो आणि दर दहा पावलांवर नवा वास येतो. गेल्या जानेवारीत आम्ही चौघांनी ‘थोडेसेच’ खायचे ठरवून आठ ठिकाणी पैसे दिले. त्यावर उपाय एकच आहे, आणि तो आम्ही घरचे लोक कटाक्षाने पाळतो : दर पदार्थाची एकच प्लेट घ्यायची आणि ती सगळ्यांनी वाटून खायची. चौघांनी चार प्लेटी दहीबडे घेतले की त्या रात्रीचा सराफा तेथेच संपला असे समजावे. दुपारी चारनंतर काही न खाणे हा त्याचा पूर्वार्ध.

सराफ्याविषयी एक नाराजीही नोंदवली पाहिजे, नाहीतर हा आढावा एकतर्फी होईल. गेल्या काही वर्षांत तेथे चायनीज, मोमो, चीजच्या थरांखाली गाडलेले डोसे आणि कोठेही मिळतील असे पदार्थ बरेच वाढले. पारंपरिक पदार्थांचीच दुकाने ठेवावीत, गर्दीत गॅसच्या टाक्यांची संख्या आवरावी, असा आग्रह सराफ व्यापारी आणि जुने इंदूरकर धरू लागले आहेत. मला त्यांचे म्हणणे पटते. शनिवारी-रविवारी रात्री तर अकरा वाजता तेथे पुढच्याच्या पाठीकडे पाहत चालावे लागते. म्हणून पाहुण्यांना मी मंगळवार-बुधवार सुचवतो. गाडी राजवाड्याच्या अलीकडेच लावावी आणि आत चालत जावे. आत चारचाकी नेण्याचा विचार कोणी सुचवला तर त्याचे ऐकू नये, मग तो रामबागेतला नातेवाईक असला तरी.

या दोहोंतही न बसणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पाहुण्यांची सोय पूर्ण होत नाही, ती म्हणजे पोहे. रात्रीच्या सराफ्यात पोहे शोधू नयेत. इंदुरी पोहे सकाळी खायचे असतात आणि ते आपल्या कांदेपोह्यांपेक्षा वेगळे असतात. फोडणीत कांदा नसतो, पातेल्यावरच्या वाफेत पोहे गरम आणि मऊ राहतात, बडीशेपेचा दाणा मध्येच दाताखाली येतो, आणि वरून शेव, कच्चा कांदा, लिंबू व जिरावण पडते. सोबत गरम जिलबी. १८१८ मध्ये होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला आली, दक्षिणेकडची मराठी कुटुंबे येथे स्थिरावली आणि पोहेही त्यांच्याबरोबर आले, असे येथे मोठ्या अभिमानाने सांगतात. तरी आज आमच्या घरी पुण्याहून आलेली आत्या कांदेपोहे करते आणि मी कोपऱ्यावर जाऊन जिरावण टाकलेले खाऊन येतो, दोघांनाही एकमेकांची कीव येते. छप्पनला सकाळचे पोहे चांगले मिळतात. उसळपोहे हवे असतील तर मात्र राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या उपाहारगृहांत जावे. तेथे पोह्यांवर तिखट रश्श्याची उसळ पडते आणि मिसळ खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्याच घासाला घर सापडते.

ज्यांना खुर्ची, टेबल, ताट आणि वाढपी असल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही त्यांनी सरळ दालबाफल्याच्या जेवणाला जावे. सराफ्याच्या भागात राजहंसमध्ये ते मिळते. बाटी थेट भाजतात, बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजतात आणि नंतर तुपात बुडवतात, त्यामुळे तो आतून नरम राहतो. त्यानंतर सराफ्याची फेरी करण्याचा बेत असेल तर बाफला एकच घ्यावा. दोन घेतल्यास फेरी दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागते.

तेव्हा मी कोणाला काय सांगतो ते असे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात येणाऱ्या, रात्री मुक्कामाला असलेल्या आणि तासभर उभे राहू शकणाऱ्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी साडेनऊला सराफ्यात जावे, कीस, गराडू, दहीबडा आणि शेवटी वाटून एक मालपुआ एवढेच खावे आणि साडेअकराला परतावे. उन्हाळ्यात येणाऱ्यांनी, लहान मुलांच्या आईबापांनी आणि संध्याकाळी गाडी असणाऱ्यांनी छप्पनला जावे, खोपरा पॅटीस आणि शिकंजी घ्यावी, अंडे चालत असेल तर बेंजो घ्यावा. ज्यांच्या सोबत सत्तरीच्या पुढचे कोणी आहे आणि त्यांनाही सराफा पाहायचाच आहे त्यांनी घरातून एक घडीची खुर्ची घ्यावी. मावशी येत्या पौषात पुन्हा येते आहे आणि तिने ती खुर्ची आत्ताच बाजूला काढून ठेवायला सांगितले आहे.